प्रेमाची एटीकेटी

प्रस्तुत लेखकाला रडू येत नाही, ही त्याच्या घरातली जुनी तक्रार आहे. धाकट्या बहिणीच्या पाठवणीला सगळा मांडव डोळ्यांना पदर आणि रुमाल लावून उभा होता, तेव्हा हा गृहस्थ मुदपाकखान्याच्या दाराशी आचाऱ्याबरोबर उरलेल्या मठ्ठ्याच्या हिशेबावरून वाद घालत होता. बहीण ते अजून विसरलेली नाही. आता तर तिची मुलगीही ते विसरत नाही, आणि ती त्या वेळी जन्मालाही आलेली नव्हती.

इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या या भाचीने एका रविवारी मामाचं हृदय तपासायला घेतलं.

“मामा, ‘द नोटबुक’ वाच. रुमाल जवळ ठेवून वाच.”

“एक?”

“दोन ठेव. आणि लोकलमध्ये वाचू नकोस. लोक काय झालं म्हणून विचारतात.”

“आहे काय त्यात एवढं?”

“सेकंड चान्स रोमान्स आहे. म्हणजे आधी प्रेम होतं, मग काहीतरी बिनसतं, मध्ये बरीच वर्षं जातात, आणि त्याच माणसाबरोबर पुन्हा एकदा संधी मिळते.”

“म्हणजे एटीकेटी.”

भाची गप्प झाली. तिचा स्वतःचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिलेला होता आणि हा शब्द घरात जपून वापरायचा, असा अलिखित करार होता. ज्यांना हे सुख लाभलं नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, एटीकेटी म्हणजे राहिलेला विषय काखोटीला मारून पुढच्या वर्गात बसण्याची मुभा. विषय मात्र सुटत नाही. पुन्हा फॉर्म भरायचा, पुन्हा फी भरायची, पुन्हा तोच पेपर द्यायचा. लेखकाला ही उपमा त्या क्षणी विनोद म्हणून सुचली होती. पुढे सगळा घोळ तिनेच घातला.

‘द नोटबुक’ हे काही ऐरंगैरं पुस्तक नव्हे. निकोलस स्पार्क्स नावाचा एक अमेरिकन तरुण औषधांच्या कंपनीत विक्री प्रतिनिधी होता, म्हणजे आपल्या भाषेत एमआर. डॉक्टरच्या केबिनबाहेर मांडीवर बॅग घेऊन तासन्‌तास बसणाऱ्या माणसाला विचार करायला वेळ भरपूर मिळतो. स्पार्क्सने बायकोच्या आजी-आजोबांच्या साठाहून जास्त वर्षांच्या संसारावरून कथा बेतली. ती एका नवख्या एजंटबाईंच्या हाती लागली आणि १९९५ साली तिचे हक्क तब्बल दहा लाख डॉलरना विकले गेले. १९९६ साली पुस्तक आलं आणि वर्षाहून अधिक काळ खपाच्या यादीत ठाण मांडून बसलं. २००४ साली त्यावर सिनेमा निघाला, २०१२ साली मिथुन चक्रवर्ती आणि रंजीता यांना घेऊन हिंदीत त्याचा एक अवतार झाला, २०२४ साली ब्रॉडवेवर गाणीबजावणी झाली. एवढ्या जगाने रडून घेतल्यावर आपण कोरडे राहणं हे शिष्टाचाराला धरून नाही, असं लेखकालाही वाटू लागलं.

त्याने पुस्तक फोर्टातल्या फुटपाथवरून घेतलं.

“ओरिजिनल आहे ना?”

“ओरिजिनलचीच कॉपी आहे साहेब.”

या उत्तरात सगळं सत्य सांगितलेलं होतं. ते ऐकायला कान हवे होते.

पुस्तक घरी आलं त्याच आठवड्यात मालवणहून आत्या आली. तिचा मोतीबिंदू काढायचा होता. शस्त्रक्रिया झाली, डोळ्यावर हिरवा गॉगल चढला आणि डॉक्टरांनी बजावलं की काही दिवस डोळ्याला पाणी लागता कामा नये, चोळायचं नाही, वाकायचं नाही. टीव्ही बंद, वाचन बंद. आत्याला कंटाळा येणं हे सगळ्या घराला परवडणारं नसतं. तेव्हा रोज संध्याकाळी लेखकाने तिला पुस्तकातली गोष्ट मराठीत सांगायची असं ठरलं.

“अहो, त्यांच्या डोळ्यांना पाणी चालत नाही,” बायको म्हणाली, “आणि तुम्ही त्यांना दोन रुमालांचं पुस्तक सांगणार?”

मुद्दा बिनतोड होता. पण आत्या म्हणाली की तिने तीन दिरांच्या वाटण्या पाहिल्या आहेत, पुस्तकाने तिचं काही बिघडत नाही.

गंमत अशी की ‘द नोटबुक’ची चौकटही नेमकी हीच आहे. वृद्धाश्रमात एक म्हातारा रोज एका म्हातारीला वहीतली गोष्ट वाचून दाखवतो. ती त्यांचीच गोष्ट असते, पण अल्झायमरमुळे तिला तो कोण हेही आठवत नाही. हा भाग चांगला आहे, लेखक तो प्रांजळपणे मान्य करतो. तिथे थट्टा करावी असं काही नाही आणि त्याने ती केलीही नाही. अडचण वहीतल्या गोष्टीची आहे.

ती अशी. साल १९३२, नॉर्थ कॅरोलायनामधलं न्यू बर्न हे गाव. सतरा वर्षांचा नोहा आणि पंधरा वर्षांची ॲली एका उन्हाळ्यात प्रेमात पडतात. तो लाकडाच्या कामातला, ती बड्या घरातली. उन्हाळा संपतो, ती जाते. तो पत्रं लिहितो, ती तिच्यापर्यंत पोचत नाहीत. चौदा वर्षं जातात, मध्ये अख्खं महायुद्ध होऊन जातं. १९४६ साली ॲलीचं लग्न लॉन हॅमंड नावाच्या वकिलाशी काही आठवड्यांवर आलेलं असताना तिला वर्तमानपत्रात नोहाच्या घराविषयी मजकूर दिसतो. ती वकिलाला दुसरंच काहीतरी कारण सांगून गाडी काढते आणि थेट न्यू बर्न गाठते.

“लगीन ठरलेल्या चेडवाक एकट्याक सोडल्यानी?” आत्याने पहिली हरकत नोंदवली.

“ती स्वतः गाडी चालवते, आते.”

“गाडी चलवता ता बरां. पण केळवणां चालू असतली मां घराघरान?”

अमेरिकेत केळवणं नसतात, हे आत्याला पटवण्यात पंधरा मिनिटं गेली. पटलं नाहीच. एवढं मोठं राष्ट्र, आणि नवऱ्या मुलीला कोणी जेवायला बोलवत नाही, हे तिला अमेरिकेवर केलेला खोटा आरोप वाटत होतं.

नोहा मात्र तिला जेवायला घालतो, आणि इथे गोष्ट अशा विषयाकडे वळली ज्यात आत्याचा शब्द अखेरचा होता. नोहा खाडीत सापळे लावून खेकडे धरतो आणि चौदा वर्षांनी भेटलेल्या प्रेयसीला ते वाफवून वाढतो.

“कुर्ल्यो?”

“हो.”

“वाटप कसला घातल्यान?”

लेखकाने पान वर-खाली करून पाहिलं. खोबरं नाही, तिरफळ नाही, कोकम तर नाहीच. कसलासा बाटलीतला सॉस होता. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने हळूच विचारलं की हा माणूस खरोखर पुस्तकाचा नायक आहे, की अजून कोणी यायचा आहे?

खरं तर वाटपापेक्षाही मोठा प्रश्न होता. खेकडे खाताना हळुवार बोलता येतं, ही कल्पना ज्या लेखकाने कागदावर उतरवली त्याने एक तर खेकडा खाल्लेला नसावा किंवा प्रेम तरी केलेलं नसावं. कुर्लीचा डेंगा फोडताना माणसाच्या चेहऱ्यावर जो भाव असतो तो दरोडेखोराचा असतो. कोपरापर्यंत रस, दातात कवच, ताटाभोवती स्मशान. मालवणात कुर्ल्यांच्या जेवणाला कोणी एकमेकांकडे बघत नाही. नवरा-बायकोचे संसार चाळीस वर्षं टिकतात त्यामागे हे एक कारण असेल.

नोहाचे इतरही गुण होते आणि ते घरात त्रासदायक ठरू लागले. तो सकाळी उठून नाव वल्हवतो. संध्याकाळी गिटार वाजवतो. व्हिटमनच्या कविता मोठ्याने वाचतो. शिवाय जुनं पडीक घर त्याने आपल्या हातांनी नव्यासारखं उभं केलं आहे. हे ऐकताना बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही, नुसतं म्हणाली, “अख्खं घर?” आणि पुन्हा भाजी निवडू लागली. न्हाणीघरातला नळ गेले चार महिने ठिबकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेखकाने पान्हा हातात घेतला. पुढच्या चाळीस मिनिटांचं सविस्तर वर्णन खालच्या मजल्यावरच्या काकांकडे मिळेल. ते त्या वेळी दाढी करत होते आणि पाणी त्यांच्या छतातून, नेमकं त्यांच्या आरशासमोर, धारेने येत होतं. प्लंबरने सहाशे रुपये घेतले आणि विचारलं, “याला आधी हात कोणी लावला होता?” त्यावर घरातल्या कोणीही नाव सांगितलं नाही, हे लेखकाला त्या आठवड्यात मिळालेलं एकमेव प्रेम.

असो. पान ९६. नोहा आणि ॲली नावेतून कुठेतरी जायला निघतात. लेखकाने पान उलटलं. पान ११३. दारात ॲलीची आई उभी आहे आणि एकंदर परिस्थितीवरून सगळं काही होऊन गेलेलं आहे.

फुटपाथवरच्या ओरिजिनल कॉपीत एक अख्खा फर्मा नव्हता. मोजून सोळा पानं.

इथून पुढे जे झालं ते वाचकांनी समजून घ्यावं अशी विनंती आहे. नाराज व्हायच्या ऐवजी लेखक खूश झाला. गोष्टीतला खरा माल याच सोळा पानांत असणार, हे उघड होतं. चौदा वर्षं ही काही थोडी नव्हेत. प्रभू रामचंद्रांचा वनवास तेवढाच होता. एवढ्या वर्षांनी दोन माणसं एका नावेत बसली, भोवताली पाणी, पळून जायला वाट नाही, म्हणजे उलटतपासणीला याहून चांगली जागा कुठली? लेखकाने लोकलच्या दारात उभ्याउभ्या ती सोळा पानं मनातल्या मनात लिहून काढली. त्यात ॲली विचारत होती की उत्तर येत नाही म्हटल्यावर पत्त्याबद्दल शंका कशी आली नाही. नोहा विचारत होता की तुझ्या हाताला काय झालं होतं, तूही एक कार्ड टाकू शकली असतीस. तिला राग येत होता. त्याला उत्तर सुचत नव्हतं. मध्ये ती रुसून नावेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसत होती आणि नाव कलंडत होती. अंगठीचा विषय निघत होता. शेवटी दोघंही आपण आता पूर्वीचे राहिलो नाही हे कबूल करून, जरा घाबरत, पुन्हा एकमेकांकडे बघत होते. थोडक्यात, राहिलेल्या विषयाचा पेपर दोघंही देत होते.

आत्यालाही हीच सोळा पानं सांगितली. तिला ती फार आवडली. “आता कसा माणसासारा वागतत,” ती म्हणाली.

भाचीला अभिमानाने हे कळवलं तेव्हा फोनवर बराच वेळ शांतता होती. “मामा,” ती म्हणाली, “असं काही नाहीये त्यात.”

मग वाचनालयातून धड प्रत आणली. तिच्यात सोळाही पानं जागच्या जागी होती. त्यांत हंस होते. एका तळ्यात हजारो हंस आणि जोडीला कॅनडाचे गूज पक्षी. मग आभाळ भरून येतं, वादळी पाऊस पडतो, दोघं ओलेचिंब होऊन घरी येतात, शेकोटी पेटते आणि चौदा वर्षं तिच्यात जळून जातात. बोलणं होतं, नाही असं नाही. पण तो पेपर नव्हे. परीक्षकाने दारातच मार्क वाटून टाकले होते.

वाचनालयाच्या प्रतीत या ठिकाणी समासात कोणीतरी पेन्सिलीने बदामाचं चित्र काढलं होतं. त्याखाली दुसऱ्या अक्षरात “निमोनिया होईल” असं लिहिलं होतं. हा दुसरा वाचक कोण, हे कळतं तर लेखकाने त्याला चहा पाजला असता.

भाची ऐकेना. तिचं म्हणणं पडलं की नोहा काही हात बांधून बसला नव्हता, तो एकदा ॲलीच्या गावी जाऊन शोध घेऊन आला होता, आणि मुळात पत्रं ॲलीच्या आईने दडपली, त्यात त्या दोघांचा दोष काय? हे खरं आहे. लेखकाची तक्रारही तीच आहे. दोष सगळा आईच्या पदरात टाकला की प्रेमिकांना सुधारायला काही उरतच नाही. नापास विद्यार्थ्याने पेपर तपासनीसाने हरवला असं सांगावं, तसलाच हा प्रकार. अशा विद्यार्थ्याला पुन्हा अभ्यास करावा लागत नाही, नुसता अर्ज करावा लागतो.

“तू सिनेमा बघ,” भाची म्हणाली. “सिनेमात जास्त इमोशनल आहे.”

त्या रात्री लेखकाने मोबाईलवर ‘नोटबुक’ शोधून लावला. दोन तास तो मन लावून बघत होता. काश्मीर, तळं, तळ्यातली शाळा, गोड मुलं, एका शिक्षिकेची वही वाचून तिच्यावर प्रेम करणारा शिक्षक. म्हातारा-म्हातारी अजून कशी येत नाहीत, याची त्याला काळजी वाटू लागली. अखेरपर्यंत ती आली नाहीत. तो सलमान खानच्या कंपनीचा २०१९चा ‘नोटबुक’ होता आणि त्याचं मूळ एका थाई सिनेमात होतं. न्यू बर्नचा आणि त्याचा संबंध फक्त स्टेशनरीपुरता.

दुसऱ्या रात्री खरा सिनेमा पाहिला. त्यात नोहा सांगतो की वर्षभर रोज एक, अशी त्याने ३६५ पत्रं लिहिली. या वाक्यावर जगभर बायका-पुरुष रडले आहेत. लेखकाच्या डोक्यात, त्याचा नाइलाज होता, मठ्ठ्याचा हिशेब जागा झाला. त्या काळात अमेरिकेत साध्या पत्राला तीन सेंटचं तिकीट लागे. म्हणजे वर्षाचे दहा डॉलर पंच्याण्णव सेंट, पाकिटं वेगळी. एकाही पत्राचं उत्तर नाही म्हटल्यावर कुठलाही कोकणी माणूस साधारण तिसऱ्या आठवड्यात पोस्टमास्तरच्या टेबलाशी उभा राहिला असता.

“तुझ्यात काहीतरी बिघाड आहे, मामा,” भाचीने निदान केलं.

हा आरोप लेखकाच्या मनाला लागला. आपल्याला हा प्रकारच पचत नाही की काय, हे तपासण्यासाठी त्याने चार-सहा एटीकेटीवाल्या कादंबऱ्या आणून रात्री जागवल्या. मिल्स अँड बूनची पातळ पुस्तकं होतीच. ही कंपनी लंडनमध्ये १९०८ साली निघाली, २००८ साली तिने भारतात दुकान मांडलं, आणि जुना प्रियकर नेमका कंपनीचा नवा मालक म्हणून परत येणं ही तिथली साधी रीत आहे. परत येणारा प्रियकर कधीही पूर्वीपेक्षा गरीब झालेला नसतो, हे लेखकाने नोंदवून ठेवलं. नोहासुद्धा मधल्या काळात भंगाराच्या धंद्यातल्या मालकाच्या कृपेने बऱ्यापैकी पैसे बाळगून आहे. टक्कल पडलेला, कर्ज झालेला, पोट सुटलेला पूर्वप्रियकर जगात सगळ्यात जास्त संख्येने आढळतो, पण मुखपृष्ठावर त्याला प्रवेश नाही.

मग शोधत शोधत तो या घराण्याच्या मूळ पुरुषाकडे, खरं तर मूळ स्त्रीकडे पोचला. जेन ऑस्टिनची ‘पर्स्वेजन’. ॲन इलियटने एकोणिसाव्या वर्षी थोरांच्या सल्ल्यावरून गरीब नौदल अधिकाऱ्याला नकार दिलेला असतो. आठ वर्षांनी तो कॅप्टन वेंटवर्थ होऊन, पंचवीस हजार पौंड गाठीला बांधून परत येतो. म्हणजे पैशाच्या बाबतीत इथेही तीच तऱ्हा. पण हा गृहस्थ चिडलेला आहे! तो ॲनच्या समोर दुसऱ्या मुलींशी लाडेलाडे बोलतो. त्यातली एक उत्साहाच्या भरात लाइमच्या धक्क्यावरच्या पायऱ्यांवरून उडी मारते, आपटते आणि बेशुद्ध पडते. तिथे सगळ्यांची पाचावर धारण बसलेली असताना एकट्या ॲनचं डोकं जागेवर असतं. त्याला आपली चूक हळूहळू, मानहानीसकट कळत जाते. पेपर अवघड आहे आणि दोघांनाही तो सोडवावा लागतो.

लेखकाला आणखी एक गोष्ट भारी वाटली. ऑस्टिनने जुलै १८१६मध्ये ही कादंबरी संपवली, आणि शेवट वाचून तिची स्वतःचीच निराशा झाली. तिने तो शेवट रद्द केला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत नव्याने लिहून काढला. रद्द केलेली प्रकरणं तिच्या हस्ताक्षरात अजून जपून ठेवलेली आहेत. पुढच्याच वर्षी ती गेली. पुस्तक छापलेलं बघणं तिच्या नशिबात नव्हतं, पण काठावर पास झालेला शेवट तिने चालवून घेतला नाही.

(गार्सिया मार्केझच्या ‘लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा’चाही या यादीत समावेश करावा, असं एका मित्राने सुचवलं. त्यातला नायक दुसऱ्या संधीसाठी ५१ वर्षं ९ महिने आणि ४ दिवस थांबतो. मात्र मधल्या काळात त्याने ६२२ प्रकरणांची वह्यांतून नोंद ठेवली आहे. याला थांबणं म्हणायचं का, यावर मित्राशी अजून एकमत झालेलं नाही. आत्याला हे पुस्तक सांगितलेलं नाही.)

आत्याचं मत वेगळंच निघालं. तिने हे सगळं गॉगलमधून ऐकून घेतलं आणि विचारलं, “ह्यां सगळां नळाच्या गोष्टीत नाय काय?”

लेखकाला क्षणभर न्हाणीघर आठवलं. मग उजेड पडला. नल-दमयंती!

नल राजा जुगारात राज्य घालवतो, अरण्यात झोपलेल्या दमयंतीचं अर्धं वस्त्र कापून घेतो आणि तिला तिथेच टाकून निघून जातो. यात कोणाच्या आईने पत्रं दडपलेली नाहीत. गुन्हा कलीच्या प्रभावाखाली का होईना, पण नवऱ्याच्या हातून घडलेला आहे. पुढे तो कर्कोटक नागाच्या दंशाने कुरूप होऊन, बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथ्य करत राहतो. परत येताना श्रीमंत नाही, देखणा नाही, हातही आखूड झालेले. मिल्स अँड बूनने दारातूनच परत पाठवला असता.

आणि दमयंती? ती विदर्भाची राजकन्या. कुंडिनपुरात बसून तिने जो सापळा लावला त्यापुढे नोहाचे खेकड्यांचे सापळे पोरखेळ आहेत. आधी ब्राह्मणांना कोड्यातला निरोप देऊन गावोगाव पाठवलं. संशय एका सारथ्यावर आला, तशी फक्त अयोध्येच्या राजालाच बातमी धाडली की दमयंतीचं दुसरं स्वयंवर उद्या आहे. शंभर योजनं एका दिवसात हाकील असा सारथी जगात एकच, आणि रथ संध्याकाळी विदर्भात हजर. इथे कुठलीही कादंबरीवाली पावसात धावत सुटली असती. दमयंती उठली नाही. तिने केशिनी नावाच्या दासीला पाठवलं, बाहुक काय बोलतो, कसा वागतो याची बारकाईने पाहणी करवली. त्याने शिजवलेलं मांस गुपचूप मागवून चाखलं. मुलांना त्याच्यासमोर धाडलं आणि तो रडतो का ते पाहिलं. मग त्याला समोर उभा करून, निरपराध बायकोला रानात टाकून जाणाऱ्याबद्दल त्याचं काय मत आहे, ते विचारलं.

लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक, तिन्ही.

“रांधलेल्या चवीवरसून घोव वळाखल्यान,” आत्या म्हणाली. “ह्येका म्हणतत बायलमाणूस. त्या ॲलीन नुसत्यो उकडलेल्यो कुर्ल्यो खाल्ल्यान आणि इरगाळली.”

तेवढ्यात भाची आली. तिचा एम-थ्रीचा निकाल लागला होता. पास, काठावर. पेढे आणले होते. तिने तीन महिने पहाटे उठून अभ्यास केला होता, परीक्षेचा फॉर्म भरताना एकदा रांगेत तीन तास उभी राहिली होती, आणि पेपरच्या आदल्या रात्री लेखकाच्याच स्वयंपाकघरात बसून रडली होती. लेखकाने या सगळ्याचा दाखला देऊन नोहा आणि ॲलीवर एक छोटं भाषण करायला घेतलं. भाचीने पेढा त्याच्या तोंडात कोंबून ते दुसऱ्या वाक्यालाच थांबवलं.

पुस्तक संपवायचं राहिलं होतं. आत्या परत जायच्या आदल्या संध्याकाळी लेखकाने उरलेला भाग सांगितला. आई येऊन दडपलेली पत्रं मुलीच्या हातात देते. इकडे लॉन वकील हॉटेलवर फोनमागून फोन करतो, ॲली खोलीत नाही एवढंच त्याला कळतं, आणि चालू खटला सोडून बिचारा गाडी हाकत न्यू बर्नला येतो. ॲली त्याला भेटायला निघते. त्याची गाडी तिला दिसते. आणि इथे लेखक थांबला, कारण पुढच्या पानावर एकदम वृद्धाश्रम होता.

त्याने पानांचे आकडे तपासले. बरोबर होते. फुटपाथवरची प्रत काढून ताडून पाहिली. तिच्यातही तेच. या वेळी फर्मा गळलेला नव्हता. दोघांची भेट पुस्तकात लिहिलेलीच नाही. ॲलीने नोहाला निवडलं हे पुढे कळतं, पण वकिलाच्या तोंडावर ते तिने कसं सांगितलं, तो काय म्हणाला, रडला की कोर्टाची तारीख सांभाळायला परत गेला, याचा पत्ता नाही.

“वाईट होतो तो वकील?” आत्याने विचारलं.

“नाही गं. चांगला होता. कामाचं जरा जास्त घेऊन बसायचा, एवढंच. शिकलेला, घरचा बरा, तिच्यावर जीव होता त्याचा.”

“दारू?”

“फारशी दिसत नाही.”

“आणि तेका असो रस्त्यार सोडल्यान?”

लेखकाने मान हलवली. लॉनचा कोरा चेहरा, हॉटेलच्या दारात उभी असलेली त्याची गाडी आणि मागच्या सीटवर खटल्याचे कागद, असं काहीतरी त्याच्या डोळ्यांसमोर आलं. हे पुस्तकात नव्हतं, त्याचं त्यालाच दिसलं. घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. पेढा असेल म्हणून त्याने पाणी प्यायलं. मग चष्मा काढून पुसला आणि परत लावला, तरी पान धूसरच दिसत होतं.

“मामा रडतोय!” भाची किंचाळली. “मामी, लवकर ये! मामा रडतोय!”

बायको हात पुसत बाहेर आली. “कुठल्या पानावर?”

भाचीने पुस्तक हिसकावून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. “इथे? इथे कोणी रडत नाही, मामा. इथे तर काहीच नाहीये!”

आत्याने गॉगल कपाळावर सरकवला. चांगल्या झालेल्या डोळ्याने तिने एकदा भाच्याकडे पाहिलं, एकदा त्या कोऱ्या जागेकडे.

“रडतस कित्याक?” ती म्हणाली. “वकिलाची रास कुठली, ता बघ आधी. आमच्या शेजारचा चेडू आसा, बीएड झालेला. कुर्ल्यो बरे रांधता.”